सासूबाईंच्या गिटारीच्या तारा

घरात एखादं काम आपल्याला कोणत्या सुरात सांगितलं जातं, त्यावरून आपली तिथली पत कळते. माझ्या मुलीचं, रोझाल्बाचं लग्न ठरलं तेव्हा हॉल बघायचं काम माझ्या मेव्हण्याकडे गेलं, केकचं काम बायकोकडे गेलं, आणि ही दोन्ही कामं सोपवताना सगळं घर खुर्च्या पुढे ओढून बसलं होतं. माझं काम सासूबाईंनी पावाच्या तुकड्याने बशीतला रस्सा पुसता पुसता सांगितलं.

"आणि तारा काय, नुंझियो आणेल."

'नुंझियो आणेल' याचा आमच्या घरातला अर्थ 'हे काम कुणालाही जमेल' असा आहे. मी नगरपालिकेच्या पाणीपट्टी खात्यात वरिष्ठ कारकून आहे. नेवार्कच्या आमच्या भागात कुणाचा नळ गळतो आणि कोण गळत नाही म्हणून खोटं सांगतो, हे मला नुसत्या आकड्यांवरून कळतं. रस्त्यात लोक मला टोपी काढून नमस्कार करतात. पण हा मान घराच्या पायऱ्यांशी येऊन संपतो. आत सगळे सासुरवाडीचे.

तारा हव्या होत्या त्या सासूबाईंच्या गिटारीला. आमच्या सासूबाई, एर्मेलिंडा काप्पिएल्लो, साध्या बाई नव्हेत. युद्धाच्या वेळी इथल्या एका नाचाच्या बँडमधली निम्मी माणसं लढाईवर गेली, तेव्हा त्यांना 'तात्पुरत्या' म्हणून गिटारवाल्याच्या खुर्चीवर बसवलं होतं. माणसं परत आली, पण सासूबाईंना त्या खुर्चीवरून उठवायची कुणाची छाती झाली नाही. पुढे कित्येक वर्षं त्या ट्रम्पेटवाल्यांच्या गोंगाटात मधोमध बसून ठेका धरायच्या. बँडचे जुने लोक सांगतात की गिटार ऐकू यायची नाही, पण बाई एखाद्या दिवशी आली नाही तर सगळा बँड लंगडा चालायचा.

ती गिटारही बाईसारखीच. पोट व्हायोलिनसारखं फुगीर, अखंड लाकडातून कोरलेलं, आणि दोन्ही बाजूंना वळणदार भोकं. सासऱ्यांनी पुढे तिच्या मानेच्या टोकाशी, पोटाला ओरखडासुद्धा न पाडता, एक चपटा चुंबक बसवून दिला होता. त्याची वायर लाउडस्पीकरला जोडली की आवाज मोठा. म्हणजे वायर नसली तर ती लाकडाची साधी गिटार, वायर लावली तर विजेची. या दुहेरी स्वभावाने पुढे माझा जीव खाल्ला, पण ते नंतर.

सासूबाईंनी बाहेर वाजवणं मात्र सोडलं होतं. एक कान पार गेला होता आणि दुसरा त्याच वाटेवर होता. म्हणून रोझाल्बाने आजीला विचारलं, "नोना, लग्नात माझा पहिला नाच तुझ्या वॉल्झवर व्हायला हवा. वाजवशील?" तेव्हा आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. सासूबाई बशीतला रस्सा पुसत राहिल्या. ऐकू आलं नसेल असं वाटून रोझाल्बाने तेच पुन्हा ओरडून विचारलं.

"ऐकलं गं, विचार करतेय," सासूबाई म्हणाल्या. "बहिरी झालेय, मंद नाही." मग बराच वेळ पाव चघळून त्यांनी ते माझ्याबद्दलचं वाक्य उच्चारलं.

दुकानात गेलो. काउंटरवर खांद्यापर्यंत केस सोडलेला एक तरुण उभा होता. मी पाणीपट्टी खात्याच्या आवाजात म्हटलं, "गिटारीच्या तारा द्या."

"कोणत्या?"

"चांगल्या."

त्याने माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं आमच्या खिडकीशी येऊन 'पाणी द्या' म्हणणाऱ्या माणसाकडे मी पाहीन. मग त्याने दोन प्रकार पुढे टाकले. एक ब्राँझच्या, सोन्यासारख्या चकाकणाऱ्या. दुसऱ्या पोलादी, वरून घासून सपाट केलेल्या, दिसायला अगदी सायकलच्या ब्रेकची तार. लग्नघर आहे, नातीचा नाच आहे. मी सोनेरी उचलल्या. आयुष्यात मी रंग बघून घेतलेला हा एकमेव निर्णय, आणि त्याचा इतिहास झाला.

घरी आलो तेव्हा सासूबाई बाजारात गेल्या होत्या. त्या यायच्या आत तारा बसवून ठेवू, तेवढीच शाबासकी, असा विचार करून मी जुन्या तारा एकामागून एक सैल केल्या. शेवटची सुटली आणि गिटारीच्या पोटावरची, तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी घोडी टपकन घसरून माझ्या बुटावर पडली. मागचा तारा अडकवायचा धातूचा पत्राही लोंबकळायला लागला.  युद्ध पाहिलेली, अख्ख्या बँडला पुरून उरलेली गिटार मी स्वयंपाकघरात मारली होती.

मी घोडी रुमालात गुंडाळली आणि कोपऱ्यावरच्या लिबोरियो न्हाव्याकडे पळालो. लिबोरियो मेंडोलिन वाजवतो. वाजवतो म्हणजे दाढीला गिऱ्हाईक नसलं की वाजवतो, आणि ते ऐकून गिऱ्हाईक येत नाही, म्हणून वाजवतच राहतो. रुमालातली घोडी बघून त्याने कात्री खाली ठेवली आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"कधी गेली?" त्याने विचारलं.

"आत्ताच. माझ्या हातात."

"अरे गाढवा, ही चिकटवलेली नसतेच! तारांच्या दाबानेच ती जागेवर बसते. एक काढायची, एक लावायची, अशा बदलतात. सगळ्या एकदम कोण काढतं?"

खुर्चीत अर्धी दाढी झालेले एक गृहस्थ फेसातून म्हणाले, "माझा भाचा गोंद लावतो." त्यावर लिबोरियो आणि त्या गृहस्थांची अशी जुंपली, की उरलेली अर्धी दाढी त्यांना दुसरीकडे करावी लागली असावी. मी घरी येऊन डोळ्यांच्या अंदाजाने घोडी ठेवली, तारा ओढल्या, खुंट्या पिळल्या. खालच्या पडद्यांवर सूर बरा वाटला. वर जावं तसतशी गिटार बेसूर व्हायला लागली, जणू जिना चढताना दम लागत होता.

सासूबाई आल्या. भाजीची पिशवी खाली ठेवली. घोडीकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं.  गिटार मांडीवर घेऊन त्यांनी आपला जबडा तिच्या वरच्या कडेवर टेकवला, डोळे मिटले आणि मधल्या पडद्यावर तारेला नुसतं बोट लावून ती छेडली. घंटेसारखा बारीक सूर आला. मग तीच तार दाबून छेडली. मग घोडी नखाएवढी सरकवली. दोन्ही सूर एक होईपर्यंत पुन्हा छेडली. कान काम करत नव्हते, म्हणून त्या हाडांनी ऐकत होत्या. मी पाणीपट्टी खात्यात इतकी वर्षं काढली, पण एवढ्या एकाग्रतेने कुणी काही तपासताना पाहिलं नव्हतं, आणि आमच्याकडे तर तपासायचाच पगार मिळतो.

घोडी बसली. सासूबाईंनी ठेका धरला. कपाटातल्या कपबशा किणकिणल्या. वरच्या मजल्यावरच्या पेत्रुझीबाईंनी खिडकीतून ओरडून विचारलं, "कुणी मेलंय की लग्न आहे?" सासूबाईंनी जबडा न उचलता मला सांगितलं, "चांगल्या आणल्यास. पार बरगड्यांपर्यंत येतात."

त्या दिवशी मी जेवताना दोनदा वाढून घेतलं.

हे सुख हॉलमधल्या तालमीपर्यंत टिकलं. सेंट पँटालिओन चर्चच्या हॉलचं छत एवढं उंच, की तिथे शिंक आली तरी तिची मिरवणूक होते. लाउडस्पीकरशिवाय मागच्या टेबलांना गिटार ऐकू येणं शक्य नव्हतं. मेव्हणा सबातिनो टीव्ही दुरुस्त करतो, त्यामुळे वायरी, रेडिओ आणि अणुबॉम्ब हे तिन्ही विषय त्याच्याकडे. त्याने गिटारीच्या चुंबकाला वायर जोडली, बटण फिरवलं आणि सासूबाईंनी वॉल्झ सुरू केला.

वरच्या दोन बारीक तारा अशा किंचाळल्या, की दाराशी उभा असलेला रखवालदार आत डोकावला. खालच्या जाड चार तारा मात्र भिंतीपलीकडून कुणी दात दुखत असताना बोलावं तशा पुटपुटत होत्या. वॉल्झचा सगळा जीव त्या चार तारांत. सासूबाईंचा जबडा गिटारीवर; त्यांना छान वाजतंय असंच वाटत होतं. आमचे चेहरे बघून त्या थांबल्या.

"काय झालं?"

 शेवटी सबातिनो तोंड फिरवून मला म्हणाला, "कुणी आणल्या ह्या ब्राँझच्या?"

"छान सोनेरी होत्या," मी म्हटलं.

"चुंबकाला सोनेरी कळतं का? त्याला लोखंड कळतं! जाड तारांवर तू ब्राँझचं वेटोळं आणलंस, चुंबकाच्या लेखी ते नाहीच. त्याला दिसते फक्त आतली सुतासारखी तार. आणि बारीक दोन तारा नुसत्या पोलादाच्या, म्हणून त्या बोंबलतात."

पटलं. मेव्हण्याचं म्हणणं पटणं हा वेगळाच अपमान असतो.

दुसऱ्या दिवशी सबातिनोने स्वतः जाऊन त्या सपाट पोलादी तारा आणल्या, आणि बसवताना एक काढून एक लावली, तेही माझ्याकडे बघत. हॉलमध्ये वायर जोडली. खरं सांगायचं तर आवाज लोण्यासारखा आला. सहाही तारा एका उंचीच्या, कुणी ओरडत नाही, कुणी पुटपुटत नाही. रोझाल्बाने टाळ्या वाजवल्या. पण सासूबाईंचे हात हळूहळू मंदावले. त्यांनी जबडा जास्त जोराने टेकवला, मग छातीशी गिटार दाबली, मग थांबल्या.

"ही झोपलीय," त्या म्हणाल्या. "लाकूड हलतच नाही."

"मा, बाहेर इतकं सुंदर येतंय!" सबातिनो त्यांच्या चांगल्या कानाशी ओरडला.

"बाहेर येत असेल. मी बाहेर बसत नाही, गिटारीच्या मागे बसते. मला ठेका कळला नाही तर तुमच्या सुंदर आवाजात मी सुंदर चुका करीन." त्यांनी गिटार पेटीत ठेवली, कड्या लावल्या आणि नातीच्या गालावर हात ठेवला. "मी तुझ्या लग्नात नाचेन, पोरी. वाजवणारा कुणीतरी तरुण बघा."

रोझाल्बा हॉलच्या मधोमध उभी राहून रडायला लागली. तिला मी लहानपणी पडताना, आजारी असताना, परीक्षेत नापास झाल्यावर रडताना पाहिलंय. पण हे रडणं वेगळं होतं. आपण मागितलेली गोष्ट आजीला झेपली नाही, आणि ती मागून आपण आजीला ते सगळ्यांसमोर बोलायला लावलं, याचं होतं.

त्यानंतर आमच्या गल्लीत दोन पक्ष पडले. ब्राँझ पक्षाचा नेता लिबोरियो. "बाईला ऐकू आलं पाहिजे, पाहुण्यांचं काय, ते जेवायला येतात," असं त्याचं म्हणणं. पोलाद पक्ष सबातिनोचा. पेत्रुझीबाईंनी दोन्ही पक्षांना धुडकावून मायक्रोफोनची सूचना केली. तो आणला, तर त्या छताखाली तो असा कोकलला की बाईंनी स्वतःच ती सूचना मागे घेतली. पावाच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, मी दिसलो की लोक नळाचं बिल विसरून विचारायचे, "काय ठरलं तारांचं?" माझ्या कार्यालयात एका बाईंनी तक्रारीच्या खिडकीतून मला मेण लावलेला दोरा सुचवला.

त्यातच हॉलचे व्यवस्थापक मिस्टर किहो यांनी मला बोलावलं. पूर्वी कधीतरी कॉलेजच्या पोरांच्या बँडने फ्यूज उडवून हॉल अंधारात घातला होता, तेव्हापासून नियम होता: विजेचं वाद्य असेल तर अग्निशमन दलाचा माणूस हजर हवा, लाकडाचं असेल तर गरज नाही.

"तुमच्या सासूबाईंची गिटार कसली?" किहोंनी चष्म्यावरून विचारलं.

"लाकडाची."

"विजेवर चालते?"

"नाही. वाजवणाऱ्यावर चालते."

"मग परवा भिंतीतल्या खोबणीत वायर कसली होती?"

"ती चुंबकाची."

"म्हणजे विजेची."

"वायर काढली तर लाकडाची."

"लग्नात वायर काढणार?"

"ते तारांवर अवलंबून आहे."

किहोंनी पेन खाली ठेवलं. "मिस्टर फेर्रांते, तुम्ही स्वतः सरकारी नोकर. तुमच्या खिडकीशी कुणी येऊन 'माझा नळ कधी नळ असतो, कधी नसतो' असं म्हणालं, तर तुम्ही काय कराल?"

मी अग्निशमनवाला मान्य केला. सही करताना माझ्या लक्षात आलं, की ज्या वादनासाठी मी बंबवाला बोलावतोय ते वादनच रद्द झालंय. पण हे किहोंना सांगितलं असतं तर आणखी एक अर्ज लागला असता.

घरी आलो तर सासूबाई अंधारत्या स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसल्या होत्या. गिटारीची पेटी समोरच्या खुर्चीत, पाहुण्यासारखी. मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसलो आणि म्हटलं, "मा, आपण न्यूयॉर्कला जाऊ. गिटार घेऊन. इथल्या दुकानात दोनच प्रकार होते. तिथे असतील नसतील तेवढ्या सगळ्या तुम्हीच लावून बघा. मला रंगापलीकडे काही कळत नाही, सबातिनोला चुंबकापलीकडे."

सासूबाईंनी वाटाणे सोलणं थांबवलं नाही. "बसमध्ये गिटार सामानात टाकायची नाही," त्या म्हणाल्या.

म्हणून मी न्यूयॉर्कपर्यंत उभा राहून गेलो. खिडकीशी सासूबाई, शेजारी गिटार, आणि दांडीला लोंबणारा मी. नदीखालच्या बोगद्यात एका सज्जन माणसाने मला जागा देऊ केली, सासूबाई त्याला म्हणाल्या, "राहू दे, त्याला सवय आहे."

अठ्ठेचाळिसाव्या रस्त्यावर वाद्यांची दुकानं ओळीने. त्यातल्या सर्वांत मोठ्या दुकानात शिरलो. आत पोरं निरनिराळ्या कोपऱ्यांत विजेच्या गिटारी घेऊन एकाच वेळी वेगवेगळी गाणी वाजवत होती, आणि त्या कल्लोळात विक्रेता सासूबाईंकडे वाकून म्हणाला, "आजीबाई, नातवाला भेट द्यायची का?"

"काय म्हणतो?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. सासूबाईंनी पेटी उघडली. गिटार बघून त्या विक्रेत्याचा चेहरा एकदम शाळेतल्या मुलासारखा झाला आणि तो न सांगता स्टूल घेऊन आला. ब्राँझ आणि सपाट पोलाद आमचं झालंय, हे मी त्याला सांगितलं. एवढ्या वणवणीनंतर माझ्याही आवाजात जाणकारी आली होती. त्याने ब्राँझच्या जरा वेगळ्या जाडीच्या आणल्या, पोलादाच्या अर्धसपाट आणल्या. एक काढायची, एक लावायची. सासूबाई जबडा टेकवायच्या, दोन ठोके मारायच्या, मान हलवायच्या. कधी बरगड्यांना हवं ते मिळायचं पण वायर जोडली की मला नको ते ऐकू यायचं, कधी उलट. आमची दोघांची चांगली जोडी जमली. त्या आतलं ऐकायच्या, मी बाहेरचं. मी मान हलवली की त्या चिडायच्या, त्यांनी हलवली की मी.

मग त्याने शुद्ध निकेल गुंडाळलेल्या, गोल वेटोळ्याच्या, नेहमीपेक्षा जराशा जाड तारा आणल्या. दिसायला अगदीच फिकट, राखाडी. पहिल्या दिवशी मी त्या हातातही घेतल्या नसत्या. सासूबाईंनी लावल्या, सूर जुळवले, जबडा टेकवला आणि ठेका धरला.

त्या थांबल्याच नाहीत.

काही करामत नव्हती त्यात. नुसता चार ठोक्यांचा ठेका, मनगटातून, एकसारखा, जसा कुणी रस्त्याने आनंदात चालत निघावं. आधी शेजारच्या कोपऱ्यातला पोरगा आपलं गाणं सोडून त्या ठेक्यात आला, आपण आलो हे त्याला कळलंही नसावं. मग पलीकडचा. मग जिन्याजवळ ड्रम चाचपणारा एक लठ्ठ माणूस. बघता बघता अख्खं दुकान एकच गाणं वाजवत होतं, आणि ज्या बाईभोवती ते फिरत होतं तिला त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. मी तिचा जावई. मला एकाएकी इतका अभिमान वाटला, की जवळच्या एका अनोळखी माणसाला मी म्हणालो, "या आमच्या सासूबाई." तो म्हणाला, "शू."

वायर जोडली. निकेल चुंबकाला ओळखीचं. जाड तारा आता स्पष्ट बोलत होत्या. वरच्या दोन बारीक तारा मात्र थोड्या पुढे पुढे करत होत्या. विक्रेत्याने चुंबकावरचे त्यांच्याखालचे दोन छोटे स्क्रू खाली पिळले आणि त्या वळणावर आल्या. असे स्क्रू सासूबाईंच्या घरातल्या माणसांनाही असते तर किती बरं झालं असतं, हा विचार मी मनातच ठेवला.

"झोपलेली नाही?" मी विचारलं.

"ब्राँझएवढी ओरडत नाही. पण जागी आहे," सासूबाई म्हणाल्या. "या वयात एवढी जाग पुरते."

लग्नाच्या दिवशी मॅक्गिल नावाचा अग्निशमनवाला संपूर्ण गणवेशात, लाल नळकांडं घेऊन, सासूबाईंपासून हातभर अंतरावर उभा राहिला. पाहुण्यांत कुजबुज झाली, की म्हातारी एवढं जलद वाजवते की काय. दिवे मंद झाले. सासूबाईंनी गिटार उराशी घेतली, जबडा टेकवला आणि वॉल्झ निघाला. मागच्या टेबलापर्यंत प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येत होता. रोझाल्बा नवऱ्यासोबत फिरत होती, अर्धा वेळ त्याच्याकडे आणि अर्धा वेळ आजीकडे बघत. नंतर ती माझ्यासोबत नाचली. मला नाचता येत नाही, पण त्या ठेक्यावर पाय चुकवणं कठीण होतं. ठेकाच मला कोपरापासून धरून नेत होता.

एक वॉल्झ ठरला होता. लोकांनी दुसरा मागितला, मग फॉक्सट्रॉट, मग पोल्का, कारण जावयाकडची मंडळी पोलिश होती. भाड्याने आणलेला बँड मुकाट्याने सासूबाईंच्या मागोमाग वाजवू लागला. सबातिनो लाउडस्पीकरजवळ बसून रडत होता आणि वायर तपासत असल्याचा बहाणा करत होता. किहो हॉल बंद करायची वेळ झाली म्हणून आले, आणि पेत्रुझीबाईंनी त्यांना नाचायला ओढून नेलं. मॅक्गिलने नळकांडं खाली ठेवलं होतं आणि त्याचा बूट ठेका धरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात मिठाच्या पाण्यात बोटं बुडवून बसल्या होत्या. बोटं लाल, सुजलेली. मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्यासमोर कॉफी ठेवली आणि कानाशी जाऊन म्हटलं, "मा, फार त्रास झाला तुम्हाला. आता आराम. पुन्हा नाही असं काही करायचं."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"खालची तार जरा आणखी जाड चालेल," त्या म्हणाल्या. "आणि एकच जोड नको, दोन-तीन आणून ठेव."

"कशाला?"

"त्या मॅक्गिलच्या मुलीचं लग्न आहे. अग्निशमन दलाचा वार्षिक नाच आहे. आणि त्या किहोने हॉलसाठी शनिवार विचारलेत." त्यांनी हात पाण्यातून काढून फडक्याला पुसले आणि एकेक बोट वाकवून, सरळ करून पाहिलं. "काल मी सगळ्यांना सांगून टाकलंय, तारांचं नुंझियो बघतो. त्यातलं त्यालाच कळतं."

मी टोपी घेतली आणि न्यूयॉर्कची बस पकडायला निघालो.